जिभेवरचं दही

सावित्राबाईनं अंगणात पाऊल टाकलं तेव्हा घरातून दोन आवाज एकदम येत होते. एक तान्ह्या पोरीचा, रडून रडून बसलेला. दुसरा तिच्या आईचा, सारिकाचा. बाई एवढ्यानं ओरडते ती बाळंत होताना, आणि सारिकाला बाळंत होऊन तर आज एकवीस दिवस झाले होते.

सावित्राबाईनं चपला भिरकावल्या आणि तशीच आत घुसली. खाटेवर सारिका अर्धवट बसलेली. तिचा नवरा कैलास मागं उभा राहून तिचे केस मुठीत धरून मान मागं ओढत होता. सासू शालूबाई नातीचं तोंड सुनेच्या छातीला दाबत होती. "घे ग माझे बाय, घे." पोरगी भुकेनं तोंड लावायची आणि इंगळी डसल्यासारखी सोडून टाहो फोडायची. पोरीनं तोंड लावलं की सारिका पाय झाडायची. तिनं शालूबाईचा हात झटकला, तशी कैलासनं तिच्या कानशिलात भडकावली. एक वाजली, लगेच दुसरी, आणि तिसरीला सारिकाचं डोकं भिंतीवर आपटलं.

"सोड तिला!" सावित्राबाई ओरडली.

कैलासनं हाताशी असलेला तांब्या उचलून फेकला. तो तिच्या खांद्याला लागून दाराबाहेर गडगडत गेला.

"तू मधी पडू नगंस, आशाबाई. पोरगी आठ दिस उपाशी हाय. हिच्या अंगाला दूध हाय, फडकी भिजत्यात, आन् ही पाजत न्हाई! पोरगी झाली म्हनून मारायला बसलीय ही तिला."

"पाजते हो मी," सारिका हुंदक्यात म्हणाली. तिचा खालचा ओठ फुटला होता. "पाजतेय, पन सहन व्हत न्हाई."

सावित्राबाईचा खांदा ठणकत होता. पण ती खाली बसली नाही, बाहेरही गेली नाही. मोरीत जाऊन तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि पिशवीतल्या स्वच्छ फडक्याला पुसले. मग शालूबाईपुढं दोन्ही हात पसरले.

"मावशी, पोरगी द्या हिकडं."

वडिवळे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात वीस-बावीस उंबऱ्यांची वाडी आहे. सावित्राबाई तिथली. वय सत्तेचाळीस, अंगानं काटक, शिक्षण आठवी. बारा वर्षांपासून ती वाडीची आणि खालच्या गावाची आशा, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्यसेविका होती. गाव शेतकऱ्यांचं, भातखाचरांच्या मालकांचं; कैलासचं घरही तिथलंच. वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच खाचरात राबलेली. त्यामुळं गावातली विशीतली पोरंही सावित्राबाईला 'तू' म्हणायची. पण घरात बाई अडली, की त्याच तोंडानं "सावित्रामावशी, चला की" व्हायचं. ती तेव्हाही जायची.

तिच्या पाठीमागं लोक तिला 'मुसळवाली' म्हणत. त्याला कारण होतं.

अठराव्या वर्षी तिचं शिदूशी लग्न झालं. शिदू कोळसा पाडायचा, मजुरीला जायचा, प्यायचा आणि घरी येऊन मारायचा. पहिला मुलगा झाला, त्याचं नाव माऊली ठेवलं. तो पंधरा दिवसांचा झाला आणि सावित्राबाईच्या छातीत जाळ सुरू झाला. पोर तोंड लावायचं तेव्हा काचेचे तुकडे ओढल्यासारखं व्हायचं. पोराची जीभ पांढरी झाली होती. म्हाताऱ्या म्हणाल्या, दूध जमलंय, खरवडून काढा. तिनं खरवडलं. रक्त आलं. पोरगं पिईना, हिला पाजवेना. शिदू म्हणाला, सोंग करते, आणि बैलाच्या कासऱ्यानं तिला इतकं मारलं की दोन दिवस तिला पालथं पडून राहावं लागलं. पोराला तांदळाची पेज आणि पाणी घातलेलं शेळीचं दूध सुरू झालं. त्याला हगवण लागली. अडीच महिन्यांचा माऊली एका सकाळी तिच्या मांडीवर गार झाला. शिदूनं त्याबद्दलही तिलाच मारलं.

मग पंधरा-सोळा वर्षं गेली. पुढं झालेला सनी मोठा झाला. आता तो लोणावळ्यात एका बंगल्यावर माळीकाम करतो. सावित्राबाई आशा झाली आणि तळेगावला प्रशिक्षणाला गेली. तिथं परिचारिकाबाईंनी एक मोठं चित्र उघडलं. तान्ह्या बाळाची जीभ, वर दह्यासारखे पांढरे चट्टे. बाई म्हणाल्या, "ही बुरशी असते. आईच्या छातीला आणि बाळाच्या तोंडाला एकाच वेळी होते. साधं औषध आहे. आठ-पंधरा दिवसांत दोघं बरी होतात. पाजणं बंद करायचं नाही."

सावित्राबाई उठून बाहेर गेली आणि नळाशी उभी राहून दोन्ही हात पुन्हा पुन्हा धुवत राहिली. साधं औषध आहे. आठ-पंधरा दिवस. ती तशीच परत येऊन बसली आणि पुढचं सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं. त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा शिदू पिऊन बसला होता. उशीर का झाला म्हणून त्यानं हात उचलला. तिनं भिंतीशी टेकवलेलं मुसळ उचललं आणि त्या उचललेल्या हातावर घातलं. मनगट मोडल्याचा आवाज शेजारच्या दोन घरांनी ऐकला. मग तिनंच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत त्याच्या शेजारी बसली आणि डॉक्टरांना सांगितलं, "मी मारलं." त्यानंतर शिदू बायकोच्या अंगावर कधी धावून गेला नाही.

तीच सावित्राबाई आता सारिकाची पोरगी मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचं नाव प्रतीक्षा. तिनं मोबाईलचा उजेड पोरीच्या तोंडात धरला.

जीभ दह्यानं माखल्यासारखी. गालांच्या आतून, हिरड्यांवर पांढरे चट्टे. आणि उजव्या गालात एक लालभडक, सोललेली जागा, तिथून रक्ताचा बारीक ओघळ.

"ह्ये कुनी खरवडलं?"

शालूबाईनं मान वर केली. "म्या. दूध जमतंय तिच्या तोंडात. रोज फडकं लावून पुसते, टाकनखार आन् मध चोळते. माझ्या सासूनं मला शिकवलं. पन ह्ये मेलं निघंनाच."

"दूध असतं तर पुसल्यावर गेलं असतं, मावशी. दूध निस्तं जिभेवर असतं. ह्ये गालाला, हिरडीलाबी हाय, आन् आत चिकटलेलं हाय. जोर लावला की खालचं कातडं सोलून निघतंय. पोरगी भुकेली हाय, पन तोंड आलंय तिचं. तिखट खाल्ल्यावानी झोंबतंय म्हनून ती सोडती." मग ती हळू म्हणाली, "आन् मध नगा देऊ. वरसाच्या आतल्या लेकराला मध इखावानी हाय."

शालूबाईनं आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडं पाहिलं.

सावित्राबाईनं लंगोट सोडला. जांघेत कातडी लाल, कडेनं बारीक पुटकुळ्या. मग तिनं कैलासकडं पाहिलं. "भाऊ, भाईर व्हा. बाईमानसाचं बघायचंय."

कैलास हलला नाही. तेव्हा तिनं स्वतःचा पदर आडवा धरून सारिकाला तपासलं. दोन्ही बोंडं गुलाबी, चकाकणारी, पापुद्रे सुटलेली, बारीक चिरा पडलेली. ताप नव्हता. दाबून पाहिलं तर कुठं गाठही नव्हती.

"कधीपासून ग?"

"पैले दहा दिस काय न्हवतं, मावशी. चांगली पीत व्हती. सिझरचे टाके पिकले म्हनून डॉक्टरनं परत गोळ्या दिल्या, जादा पावरच्या. त्याच्या मागनं ह्ये सुरू झालं. पिताना सुया. पिऊन झालं तरी तासभर आतून जाळ, पार पाठीपर्यंत कळ जाती. पदर लागला तरी जीव जातो." सारिकानं नवऱ्याकडं न बघता सांगितलं. "ह्यांना सांगितलं तर म्हनले, नाटकं."

सावित्राबाई उठली. "बुरशी हाय ही. दोघींनाबी. हिच्यामुळं तिला आन् तिच्यामुळं हिला, असं फिरत ऱ्हातंय. एकीलाच औशद दिलं तर उपेग न्हाई. आत्ताच्या आत्ता कामशेतला न्यायचं."

"कुटं न्यायचं न्हाई." कैलास दारात आडवा झाला. कैलास वराळ्याच्या एका कंपनीत रात्रपाळीला होता. भाताच्या कापणीसाठी चार दिवस सुट्टी घेऊन आला होता. डोळे झोप नसल्यानं तांबरलेले. "भात झोडायचं पडलंय. आन् काय म्हनं, बुरशी! भिंतीला येती ती बुरशी. माझ्या आयेनं पाच लेकरं पाजली, कदी हूं न्हाई केलं. हिला बसवून पाजायला लावायचं, बास. रडली तर रडली."

तो परत खाटेकडं वळला. सारिकानं पोटाशी गुडघे घेतले आणि दोन्ही हात छातीवर आवळले. त्यानं तिचा एक हात पिरगळून खाली ओढला. टाक्यांवर ताण आला तशी ती किंचाळली.

भात कापताना पात्यांनी कैलासची बोटं चिरली होती. तळहाताचा एक फोड फुटून ओला झाला होता. सावित्राबाईला ते दिसलं, आणि चुलीजवळच्या पाट्यावर हिरव्या मिरचीचा ताजा वाटलेला खर्डा होता, तोही दिसला. तिनं एक मूठ खर्डा उचलला, मागून कैलासचा हात धरला आणि त्या फुटलेल्या फोडावर तो मीठ-मिरचीचा गोळा दाबून धरला. सगळं बळ लावून.

कैलासनं आधी काही समजलंच नसल्यासारखं पाहिलं. मग तो गुरासारखा ओरडला. हात सोडवायला त्यानं हिसका दिला, पण चाळीस वर्षं लाकडाच्या मोळ्या बांधलेला तो पंजा होता, सुटला नाही.

"लागलं?" सावित्राबाई त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली. "तुला एकडाव लागलं. तिला दिसातनं धा-बारा डाव लागतंय, तेबी छातीला, आन् तरीबी ती पाजतीय. तू पाजशील? बोल, ह्या हातानं आता भात झोडशील?"

त्यानं दुसऱ्या हातानं चुलीजवळचं सरपण उचललं आणि तिच्या डोक्यात घातलं.

सावित्राबाई गुडघ्यांवर आली. डाव्या डोळ्यावरून गरम काही तरी वाहू लागलं. प्रतीक्षाला तिनं वेळीच खाटेवर ठेवलं होतं, एवढंच तिच्या मनात आलं. कैलासनं लाकूड परत उचललं. या वेळी त्याची नजर सावित्राबाईवर नव्हती, सारिकावर होती.

तेव्हा शालूबाई उठली. चुलीवर तवा तापलेला होता आणि उलथनं त्याच्यातच पडून लाल व्हायला आलं होतं. तिनं लुगड्याच्या पदरानं ते उचललं आणि पोटच्या पोराच्या मनगटावर टेकवलं. टेकवलं आणि धरून ठेवलं. कातडी जळल्याचा वास घरभर झाला. लाकूड खाली पडलं.

"आये!"

"आये म्हनू नगंस." शालूबाईनं उलथनं तसंच उगारून धरलं. "तुझा बाप मला असाच मारायचा. म्या गप बसले. आज ह्या पोरीचं तोंड म्या फाडलं, ह्या हातानं. आता तिच्या आईला मारशील तर तोंडावर डाग दीन. चल, हो भाईर!"

दत्तोबा, तिचा नवरा, आरडाओरडा ऐकून खळ्यावरून धावत आला होता आणि दारातच थिजला होता. सत्तरीचा म्हातारा. बायकोचं बोलणं त्यानं ऐकलं. त्यानं मान खाली घातली आणि मागं फिरून सोपानच्या घराकडं पळत सुटला. सोपान गावातला, त्याच्याकडं भाजीची पिकअप होती. कैलास मोरीत पाण्याखाली दोन्ही हात धरून शिव्या देत होता, तेवढ्यात गाडी अंगणात आली. शालूबाईनं सुनेला धरून बसवलं, नातीला कुशीत घेतलं. सावित्राबाईनं डोक्याला फडकं बांधलं आणि सोपानशेजारी चढली.

कामशेतला डॉक्टरबाईंनी आधी सावित्राबाईच्या डोक्याकडं पाहिलं. सावित्राबाई म्हणाली, "ह्ये मागनं. आधी पोरीचं तोंड बघा, मॅडम."

डॉक्टरबाईंनी पाहिलं. आईला पाहिलं. "बरोबर ओळखलंत," एवढंच म्हणाल्या. बाळाच्या तोंडात चारही बाजूंनी लावायचं औषध दिलं, आईला पाजून झाल्यावर लावायचं मलम दिलं. दोघींचं एकाच दिवशी सुरू करायचं आणि चट्टे गेले तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. पाजायचं बंद करायचं नाही. फारच दुखलं तर हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं द्यायचं. छातीला लागणारी फडकी रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची. शालूबाईनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. मग सावित्राबाईला पाच टाके पडले. सुई आत-बाहेर होताना ती सारिकाला वाटीत दूध कसं काढायचं ते सांगत होती.

टाके झाल्यावर ती आणि सारिका चौकीत गेल्या. सारिकानं पदर बाजूला करून पाठीवरचे आणि दंडावरचे जुने वळ दाखवले. हवालदारानं लिहून घेतलं. सावित्राबाईनं सगळं सांगितलं, आणि मिरचीचंही सांगितलं.

"ते कशाला सांगता, बाई?" हवालदार म्हणाला. "ते तुमच्यावर उलटंल."

"उलटू द्या. केलंय ते केलंय."

कैलासला पोलिसांनी त्याच दिवशी उचललं आणि चार दिवसांनी तो जामिनावर सुटला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं-चौघं मोटारसायकलवरून वाडीवर आले. सावित्राबाईच्या घराची कौलं दगडांनी फोडली, खुराड्याला लाथ घालून कोंबड्या पायाखाली चिरडल्या. एकानं ओरडून सांगितलं, "केस माघारी घे, न्हाईतर पुढच्या डावाला घर न्हाई, तुलाच फोडू." शिदू ओसरीवर बसला होता. त्याचं ते जुनं मोडकं मनगट अजून सरळ होत नव्हतं. तो उठला, कोयता घेऊन अंगणात उभा राहिला. एकटा, साठीतला. वाडीतल्या बाया विळे घेऊन त्याच्या मागं आल्या तेव्हा गाड्या वळल्या.

"तू कशाला उठलास?" सावित्राबाईनं नंतर विचारलं. बारा वर्षांत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती.

शिदूनं कोयता कुडाला अडकवला. "माऊली असता तर आटाविशीचा असता," तो म्हणाला.

माफ तर तिनं त्याला केलं नव्हतंच, आणि पुढंही करणार नव्हती. फुटलेली कौलं मात्र दोघांनी मिळून उतरवली.

केस तिनं मागं घेतली नाही. गावातून दोनदा निरोप आला, एकदा सरपंच स्वतः येऊन गेले. "आपलं आपल्यात मिटवू," म्हणाले. तिनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "सरपंच, सारिकाला इचारा. मार तिनं खाल्लाय, मिटवायचं का ते ती सांगंल." सारिका नाही म्हणाली.

सारिका तोवर बेगडेवाडीला आईकडं गेली होती. पोरीच्या जन्माच्या बेचाळिसाव्या दिवशी सावित्राबाई तिकडं गेली. बेगडेवाडी तिच्या हद्दीत नव्हती, पण पोरीचं वजन दुसऱ्या कुणी करावं हे तिला पटेना. कामशेतला ती लोकलच्या डब्यात चढली, तर खिडकीशी शालूबाई बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. शालूबाईनं सरकून जागा केली.

"दर आठवड्याला जाते," ती म्हणाली. "कैलास बोलत न्हाई माझ्याशी. म्हनतो, आये न्हाईस तू. त्याचा बाप पन भाकर मागताना वर बघत न्हाई." स्टेशनं मागं जात होती. मग ती म्हणाली, "सावित्रा, माझीबी दोन गेली. पाचातली. त्यांच्या जिभंवर काय व्हतं, मला आता आठवंना."

सावित्राबाईनं तिचा हात धरला.

सारिका ओसरीवर पाजत बसली होती. ओठाची जखम भरली होती, पण एका कानानं तिला आता कमी ऐकू यायचं. डाव्या बाजूनं हाक मारली तर ती वळायची नाही. सावित्राबाई उजवीकडून गेली. प्रतीक्षाचं तोंड उघडून पाहिलं. गुलाबी, स्वच्छ. वजनकाट्याच्या झोळीत घातलं तर पोरीनं काटा चार किलोच्या पुढं नेला आणि रागानं हात-पाय झाडले.

"दुखतं का ग?"

"न्हाई मावशी. आठव्या दिवशी जाळ गेला. औशद पंधरा दिस पुरं केलं." सारिकानं पोरगी परत पदराखाली घेतली. शालूबाई पायरीवरच उभी होती, पिशवी हातात, वर यावं की नाही या विचारात. सारिकानं तिच्याकडं पाहिलं.

"बसा, आत्या," ती म्हणाली. "पिऊन झालं की देते तुमच्याकडं. अजून हिचं पोट भरलं न्हाई."